झिजलेला घोटा: बदलायचा की जोडून टाकायचा?

गुडघ्याच्या वाट्या बदललेलं एखादं माणूस आता प्रत्येकाच्या ओळखीत असतं. काकू दोन महिन्यांत भाजी आणायला बाहेर पडू लागल्या, मामा चौथ्या महिन्यात तिरुपतीला जाऊन आले, हे आपण ऐकलेलं असतं. त्यामुळे घोटा पार कामातून गेलेल्या माणसाला डॉक्टर म्हणाले, "सांधा बदलता येईल," की त्याच्या डोळ्यांसमोर काकूंचा गुडघा येतो. पुढचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात. घोट्याची शस्त्रक्रिया वेगळी, तिचे निकाल वेगळे आणि तिच्या शेजारी दुसराही एक चांगला पर्याय उभा असतो. म्हैसूरमधलं मराठी कुटुंब हा निर्णय घ्यायला बसतं तेव्हा एक मत इथल्या डॉक्टरांचं असतं, दुसरं पुण्याच्या भावाने व्हॉट्सॲपवर कळवलेलं असतं आणि तिसरं बेंगळुरूच्या हॉस्पिटलचं असतं. तिन्ही वेगवेगळी. त्या गोंधळात हाताशी असावं म्हणून, काय आधी करायचं आणि काय नंतर, हे क्रमाने सांगतो.

घोटा का झिजला, ते आधी शोधा

गुडघा आणि खुबा बहुधा वयोमानाने झिजतात. घोट्याचं तसं नाही. झिजलेल्या घोट्यांपैकी साधारण ७० टक्के घोटे जुन्या इजेमुळे झिजलेले असतात. कधीतरी स्कूटरवरून पडून मोडलेलं हाड, पुन्हा पुन्हा मुरगळून सैल पडलेले स्नायुबंध, असं काहीतरी मागे असतं. उरलेल्यांत आमवात, हिमोफिलिया, जन्मापासूनचं वाकडं पाऊल, सांध्यात झालेला जंतुसंसर्ग ही कारणं येतात. म्हणूनच घोट्याचा रुग्ण गुडघ्याच्या रुग्णापेक्षा बहुधा तरुण असतो. पन्नाशीतला, नोकरीतला, घर चालवणारा.

एवढ्या जुन्या इजेचा हिशोब इतक्या उशिरा का चुकवावा लागतो? १९७६ साली रॅम्झी आणि हॅमिल्टन या संशोधकांनी दाखवून दिलं की घोट्यातलं टॅलस नावाचं हाड बाहेरच्या बाजूला अवघं १ मिलिमीटर सरकलं, तरी हाडाला हाड टेकण्याची जागा सरासरी ४२ टक्क्यांनी कमी होते. त्या उरलेल्या जागेवर सगळ्या शरीराचा भार पडतो आणि चालताना तो वजनाच्या कितीतरी पट होतो. "हाड जुळलं" म्हणून प्लास्टर निघालं, पण ते किंचित वाकडं जुळलं असेल तर कूर्चा वर्षानुवर्षं घासत राहते.

हे कारण शोधायचं ते कुतूहल म्हणून नव्हे. जुन्या अपघाताचे कागद, त्या वेळच्या शस्त्रक्रियेची नोंद, आधीचे एक्स-रे हे सगळं एका फाइलमध्ये आणा. आत प्लेट आणि स्क्रू असतील तर ते कोणत्या बनावटीचे आहेत हे त्या नोंदीतून कळतं, आणि ते काढायला नेमका तोच स्क्रूड्रायव्हर लागतो. तो हाताशी नसेल तर अर्धा तास जिथे लागायचा तिथे दोन तास जातात. जुनी जखम कधी वाहत होती का, पू झाला होता का, हेही आठवून लिहा. आत दबलेला जंतुसंसर्ग असेल तर आधी रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून तपासणी, आणि मगच पुढचं बोलणं.

दुखतंय ते घोट्यातच का?

घोट्याच्या खाली लगेच दुसरा सांधा आहे, टॅलस आणि टाचेचं हाड यांच्यामधला. सपाट जमिनीवर त्रास होत असेल तर वरचा सांधा, खडबडीत रस्त्यावर पाऊल वाकडं पडताना कळ येत असेल तर खालचा, असा एक ढोबळ अंदाज बांधता येतो, पण तेवढ्यावर शस्त्रक्रिया ठरवू नका. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या फोटोत झिजलेला सांधाही बरा दिसतो. वजन पडलं की मोकळी दिसणारी फट नाहीशी होते आणि टाच किती वाकडी आहे तेही उघड होतं. दोन्ही पायांचे काढून घ्या. नंतर सीटी स्कॅन करतात, हाडात पोकळ्या आहेत का आणि टॅलसचा रक्तपुरवठा शाबूत आहे का हे पाहायला कधी एमआरआयही लागतो.

तरीही शंका उरली तर एक चांगली युक्ती आहे. फक्त वरच्या सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देतात. पुढच्या तासाभरात तुम्ही हॉस्पिटलच्या आवारात चालून दाखवायचं. दुखणं थांबलं तर दोषी कोण ते कळलं. थांबलं नाही तर वरचा सांधा बदलूनही ते थांबणार नाही. मला ही तपासणी फार मोलाची वाटते, आणि डॉक्टरांनी सुचवली नाही तर तुम्ही विचारायला हरकत नाही.

शस्त्रक्रियेआधीचे उपाय खरोखर करून पाहा

बहुतेक जण हे उपाय "केले" असं सांगतात आणि प्रत्यक्षात आठवडाभर करून सोडून देतात. तळ पुढून गोलसर वळलेला बूट घोट्याला कमी हलू देतो, त्यामुळे कळ कमी होते. घोटा दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा ब्रेस मिळतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. वजन पाच-सहा किलो उतरलं तरी घोट्याला पहिल्यांदा कळतं. हे तीन ते सहा महिने मनापासून केल्यावरही रात्री झोप लागत नसेल, दूध आणायला जाणं टाळावं लागत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २००८ मध्ये रुग्णांची तुलना केली तेव्हा पूर्ण झिजलेल्या घोट्याचा त्रास पूर्ण झिजलेल्या खुब्याइतकाच जीव नकोसा करणारा निघाला. त्यामुळे "पायच तर दुखतोय" असं घरच्यांनी म्हणू नये.

सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख लिहून ठेवा. त्यानंतर लगेच सांधा बदलणं टाळतात, सर्वसाधारणपणे तीन महिने थांबतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दोन वाटा आणि त्यांचे निकाल

पहिली वाट सांधा जोडून टाकण्याची. घासलेली कूर्चा खरवडून काढतात, दोन्ही हाडं स्क्रू किंवा सळईने घट्ट बसवतात आणि ती एकजीव होतात. डॉक्टर याला फ्यूजन म्हणतात. घोटा वर-खाली हलणं थांबतं, दुखणंही थांबतं. पावलाच्या पुढच्या सांध्यांची थोडी हालचाल उरते, म्हणून योग्य बूट घातल्यावर माणूस बऱ्यापैकी चालतो. दुसरी वाट कृत्रिम सांध्याची. पायाच्या हाडाच्या टोकाला आणि टॅलसवर धातूचे भाग बसवतात, मध्ये पॉलिथिलीनची चकती.

कृत्रिम घोट्याचा इतिहास फार जुना नाही आणि सुरुवात चांगली नव्हती. १९७० मध्ये फ्रान्सच्या लॉर्ड आणि मारोत यांनी पहिला सांधा बसवला, पण त्यांच्या २५ घोट्यांपैकी १२ फसले. मग डेन्मार्कमध्ये हाकोन कोफोड यांनी तीन भागांचा सांधा तयार केला आणि त्या घराण्यातल्या सांध्याला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. आज बसवले जाणारे सांधे त्या पहिल्यांपेक्षा कितीतरी चांगले आहेत. तरीही आकडे शांतपणे वाचा.

आज कृत्रिम घोटे बसवल्यावर १० वर्षांनी साधारण १०० पैकी ८० ते ९० जागेवर असतात. स्वीडनच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत, जुन्या बनावटींसह, हे प्रमाण ६९ टक्के होतं. गुडघ्याचं हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे असतं. याचा अर्थ घोटा बदलून घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने आयुष्यात आणखी एका शस्त्रक्रियेची शक्यता गृहीत धरायला हवी. सत्तरीच्या माणसाचा तो सांधा त्याच्या जन्माला पुरण्याची शक्यता चांगली आहे.

दोन्ही वाटांची थेट तुलना ब्रिटनमध्ये झाली. टार्वा नावाच्या या अभ्यासात १७ रुग्णालयांतले, ५० ते ८५ वयाचे ३०३ रुग्ण होते. कोणाचा घोटा बदलायचा आणि कोणाचा जोडायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. एका वर्षाने दोन्ही गटांचं चालणं आणि उभं राहणं खूप सुधारलं. सांधा बदललेल्यांचं थोडं अधिक, पण फरक निर्णायक म्हणावा एवढा नव्हता. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. गुंतागुंतीच्या आकड्यांत मात्र दोन्हींची स्वभाववैशिष्ट्यं दिसतात. जखम भरायला त्रास झाला तो सांधा बदललेल्यांत १३.४ टक्क्यांना आणि जोडलेल्यांत ५.७ टक्क्यांना. नसेला इजा झाली ती बदललेल्यांत साधारण ४ टक्क्यांना, जोडलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी जणांना. शिरेत रक्ताची गाठ होण्याचं प्रमाण जोडलेल्यांत ४.९ आणि बदललेल्यांत २.९ टक्के होतं. जोडलेल्यांपैकी १२.१ टक्क्यांत हाडं वेळेत एकजीव झाली नाहीत, त्यातल्या काहींना त्याचा त्रास जाणवला, काहींना नाही.

कॅनडातल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत ३८८ घोट्यांवर सरासरी साडेपाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तिथेही दोन्ही गटांचं समाधान जवळपास सारखं, पण पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती बदललेल्यांत १७ टक्क्यांना, जोडलेल्यांत ७ टक्क्यांना.

मग कोणी कोणती वाट धरावी? माझं मत सांगतो. वय साठच्या पुढे, वजन आटोक्यात, पावलात बऱ्यापैकी हालचाल शिल्लक, दोन्ही घोटे झिजलेले किंवा घोट्याखालचा सांधाही खराब असेल, तर सांधा बदलण्याचं पारडं जड आहे. कारण जोडलेल्या घोट्याचा भार शेजारच्या सांध्यांवर पडतो. २००१ च्या एका अभ्यासात घोटा जोडल्यानंतर सरासरी २२ वर्षांनी २३ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांच्या पावलातले शेजारचे सांधे झिजलेले आढळले. दोन्ही घोटे जोडले तर चढ-उताराला माणूस अगदीच अडतो. उलट पंचेचाळिशीचा, शेतावर किंवा बांधकामावर राबणारा, वजनदार माणूस असेल तर घोटा जोडणं हा उत्तम उपचार आहे, त्यात माघार काही नाही. कृत्रिम सांधा फसला तर पुढे हाडाचा भराव घालून घोटा जोडता येतो. जोडलेला घोटा पुन्हा मोकळा करून कृत्रिम सांधा बसवणं मात्र निवडक रुग्णांतच जमतं. हा फरक पहिल्या भेटीतच मनात पक्का करा.

टाच फार वाकडी असेल, १५ अंशांहून अधिक, तर पूर्वी सांधा बदलायला नकार मिळत असे. आता आधी किंवा त्याच वेळी हाड सरळ करून, सैल स्नायुबंध घट्ट करून सांधा बसवतात, आणि सरळ करणं नीट जमलं तर निकाल इतरांच्या जवळ येतात. जमलं तर, हे महत्त्वाचं. वाकड्या पावलावर बसवलेला सांधा एका कडेवर घासून लवकर सैल होतो.

कोणी सांधा बदलू नये

मधुमेहाने पावलाची संवेदना गेली असेल आणि हाडं चुरा होऊन पाऊल बेढब झालं असेल, सांध्यात जंतुसंसर्ग चालू असेल, पायाचा रक्तपुरवठा खराब असेल, टॅलसचा मोठा भाग मेलेला असेल, पाऊल उचलणारे स्नायू लुळे असतील, तर कृत्रिम सांधा नको. मधुमेहींनी नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. पाच मिनिटांची तपासणी आहे.

हिमोफिलियाच्या रुग्णांनी रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची सोय आधी पक्की करावी आणि मगच अस्थिरोगतज्ज्ञाकडे तारीख मागावी. कर्नाटकात दावणगेरेची हिमोफिलिया सोसायटी या रुग्णांसाठी दीर्घकाळ काम करते आहे. तिथे विचारणा करता येते.

सर्जन निवडताना

म्हैसूरमध्ये सरकारी केआर हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेजशी जोडलेलं. जेएसएससारखं मोठं शिक्षण रुग्णालय आहे. अस्थिरोगाचे चांगले विभाग इथे आहेत आणि निदान, एक्स-रे, मधुमेहाचा बंदोबस्त, नंतरची फिजिओथेरपी हे सगळं गावातच करून घेतलेलं बरं. घोटा बदलणं मात्र भारतात अजून मोजके सर्जन करतात. बेंगळुरू सुमारे १४५ किलोमीटरवर आहे, तेव्हा तिथलं दुसरं मत घेणं अवघड नाही. एकाच डॉक्टरचं मत घेऊन हा निर्णय घेऊ नका.

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. तुम्ही दोन्ही शस्त्रक्रिया करता का? हा पहिला. जो फक्त एकच करतो तो बहुधा तीच सुचवणार. वर्षाला किती घोटे बदलता? माझ्यासारखे वाकडे घोटे किती केले? माझ्या बाबतीत टाचेचा स्नायू लांबवणं, स्नायुबंध शिवणं, खालचा सांधा जोडणं असं आणखी काय करावं लागेल? कोणत्या कंपनीचा सांधा आणि दहा वर्षांनी त्याचा सुटा भाग मिळेल का? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही.

खर्चाचं बोलणं त्याच दिवशी करा. २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, ती घोट्याला लागू नाही. सांगितलेल्या रकमेत सांधा, बाजूच्या शस्त्रक्रिया, चालण्याचा बूट आणि फिजिओथेरपी धरली आहे का हे लेखी घ्या. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड असेल तर हॉस्पिटलच्या योजना कक्षात पूर्वमंजुरीबद्दल दाखल होण्याआधी विचारा. खासगी विम्यात सांधेबदलाला बहुधा काही वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, पण अपघातातून आलेल्या दुखण्याला वेगळा नियम लागू शकतो. वर सांगितलेली अपघाताची फाइल इथेही कामाला येते.

दोन महिने आधीची तयारी

घोट्यापुढची कातडी पातळ असते, खाली मांस जवळजवळ नाही. जखम तिथेच पुढून उभी घेतात. म्हणून या शस्त्रक्रियेचं यश बऱ्याच अंशी त्या दहा-बारा सेंटिमीटरच्या जखमेवर ठरतं, आणि जखम भरेल की नाही हे तुम्ही आधीच्या दोन महिन्यांत ठरवता.

तंबाखू पूर्ण बंद, किमान सहा आठवडे आधीपासून हाडं आणि जखम भरेपर्यंत. सिगारेट आणि विडीच नव्हे. पानातली तंबाखू, मशेरी, गुटखा यांतलं निकोटिन रक्तवाहिन्या तेवढ्याच आकसवतं. हुणसूर, पिरियापट्टणच्या तंबाखूचा हा मुलूख आहे आणि म्हैसूरचं विड्याचं पान नावाजलेलं आहे, हे खरं. नुसत्या पानाला माझी हरकत नाही, पण चिमूटभर तंबाखूही नको.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा. साडेसात ते आठच्या खाली ती आणल्याशिवाय अनेक सर्जन तारीख देत नाहीत आणि ते योग्यच आहे. ड जीवनसत्त्व तपासा. किडलेला दात, बोटांच्या बेचक्यातली चिखली, नखाचं दुखणं हे सगळं आधी बरं करून घ्या, कारण तिथले जंतू सांध्यापर्यंत पोचू शकतात. आमवाताची औषधं स्वतःहून थांबवू नका आणि चालूही ठेवू नका. कोणती किती दिवस बंद करायची हे आमवाताच्या डॉक्टरांकडून लिहून आणा.

आता घर. सरस्वतीपुरम किंवा जयलक्ष्मीपुरममधल्या जुन्या घरांना रस्त्यापासून दाराशी तीन-चार पायऱ्या असतात आणि न्हाणीघराला उंबरठा. सहा आठवडे एका पायावर, वॉकर घेऊन हे ओलांडायचं आहे. झोपायची खोली तळमजल्यावर आणा. कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड आणा. न्हाणीत प्लास्टिकची भक्कम खुर्ची आणि भिंतीला दांडी लावून घ्या. वॉकर आणि कुबड्या आधीच आणून दोन दिवस चालून पाहा. शस्त्रक्रियेनंतर शिकायला गेलात की तोल जातो.

पहिले सहा आठवडे

पाय हृदयापेक्षा उंच. दिवसातले बहुतेक तास, पहिले दोन आठवडे. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि त्याचाच सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो. खुर्चीवर बसून समोर स्टूल ठेवणं म्हणजे पाय उंच नव्हे. आडवं होऊन पायाखाली दोन-तीन उशा, अशा की बोटं नाकाच्या रेषेला येतील. पाय खाली सोडला की दहा मिनिटांत तो जांभळट होतो, टाके ताणले जातात. भेटायला येणाऱ्यांना पलंगाशी बसवा, तुम्ही बैठकीत येऊन बसू नका.

बेंगळुरूहून घरी येताना मागच्या सीटवर आडवं बसून पाय लांब पसरा, खाली उशी घ्या. मध्ये दोनदा थांबा. गुडघा आणि पायाची बोटं हलवत राहा, पाणी प्या. रक्त पातळ राहावं म्हणून दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं एकही दिवस चुकवू नका.

टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात. त्याआधी ड्रेसिंग घरी उघडून बघू नका. पाऊल जमिनीला कधी टेकवायचं हे दोन आठवड्यांपासून सहा आठवड्यांपर्यंत कुठेही असू शकतं, कारण बाजूचं हाड कापलं आहे का, स्नायुबंध शिवले आहेत का यावर ते अवलंबून असतं. शेजारच्या रुग्णाशी तुलना करू नका. आपल्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा.

हे दिसलं तर त्याच दिवशी फोन करा: ड्रेसिंगमधून ओल, वास, वाढता लालपणा, ताप, औषधाने न उतरणारं दुखणं. पोटरी एका बाजूला सुजून दुखू लागली तर तातडीने. छातीत कळ आली किंवा दम लागला तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, बेंगळुरूच्या तारखेची वाट बघत बसू नका.

सहा आठवड्यांनंतर काय मिळतं

दुखणं कमी होणं हे या शस्त्रक्रियेचं मुख्य फळ आहे, आणि ते बहुतेकांना मिळतं. हालचाल हे दुय्यम. घोटा आधी जेवढा हलत होता त्याहून फार थोडाच नंतर अधिक हलतो. ताठ घोट्याचा मोकळा घोटा होत नाही. पाऊल वर उचलण्याची हालचाल बहुधा ५ ते १० अंशांच्या आसपास राहते. सपाट चालायला ती पुरते. उकिडवं बसायला पुरत नाही. भारतीय पद्धतीचा संडास, खाली बसून विळीवर चिरणं, अंगणात उकिडवं बसून रांगोळी, हे सोडावं लागेल, किंवा पाट आणि उंच बैठकीने भागवावं लागेल. मांडी घालता येते का हे पावलाच्या खालच्या सांध्यावर, गुडघ्यावर आणि खुब्यावर अवलंबून असतं. जमली तरी बाहेरचा घोटा जमिनीवर टेकतो, म्हणून खाली मऊ घडी घ्या.

चामुंडी टेकडीचं बोलूया, कारण म्हैसूरमधले बहुतेक जण तेच विचारतात. पायथ्यापासून हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत, वाटेत तो मोठा नंदी. कृत्रिम घोट्याने पायऱ्या चढता येतात. उतरणं कठीण, कारण खालच्या पायरीवर पाय टाकताना मागच्या पायाचा घोटा खूप वाकावा लागतो आणि तिथेच तो अडतो. कठड्याला धरून थोड्या पायऱ्या चढल्या तर बिघडत नाही, पण हजार पायऱ्यांचा नेम धरू नका. देवीच्या दर्शनाला बसने जा आणि चालायचं ते कुक्करहळ्ळी तलावाच्या सपाट वाटेवर चाला. सायकल आणि पोहणं चांगलं. धावणं, बॅडमिंटन, उड्या नकोत. दसऱ्याच्या जंबो सवारीला तासन्‌तास उभं राहणं पहिल्या वर्षी टाळा, सूज वाढते.

सूज सहा महिने ते वर्षभर येत-जात राहते. संध्याकाळी बूट घट्ट होतो म्हणून घाबरू नका, पण बूट अर्धा नंबर मोठा घ्या. गाडी: उजवा पाय असेल तर ब्रेक जोरात दाबता येतो याची खात्री होईपर्यंत, साधारण अडीच-तीन महिने, नको. स्कूटरवाल्यांनी हे लक्षात ठेवावं की सिग्नलला थांबताना सगळं वजन एकाच टेकवलेल्या पायावर येतं. तो पाय शस्त्रक्रियेचा असेल तर आणखी थांबा. शेवटचा निकाल वर्षभराने कळतो. चौथ्या महिन्यात "अजून दुखतंय" म्हणून शस्त्रक्रिया फसली असं कोणी ठरवू नये.

डिस्चार्जच्या वेळी कृत्रिम सांध्याचा स्टिकर मागून घ्या, त्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असतो. फाइलमध्ये चिकटवा, फोनमध्ये फोटो ठेवा. पुढे कोणत्याही गावातल्या डॉक्टरला तोच लागेल. दंतवैद्याला, मूत्रमार्गाची तपासणी करणाऱ्याला "माझा घोटा कृत्रिम आहे" असं आधी सांगा.

आणि वर्षातून एकदा उभ्याने एक्स-रे. पॉलिथिलीन झिजून निघणाऱ्या बारीक कणांमुळे सांध्यालगतच्या हाडात पोकळ्या तयार होतात. त्या वर्षानुवर्षं दुखत नाहीत. वेळेवर दिसल्या तर चकती बदलून, हाडाचा भराव घालून सांधा वाचवता येतो. दुखेपर्यंत थांबलात तर धातूखालचं हाड उरलेलं नसतं. हा एक्स-रे म्हैसूरमध्येच निघतो, फार खर्चाचा नाही, आणि तो बेंगळुरूच्या सर्जनला फोनवर पाठवता येतो. शस्त्रक्रियेचा वाढदिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पाय अजिबात दुखत नसला तरी त्या आठवड्यात तो काढून घ्या.